लवंगीमामांनी विमा मोडला

भांडायला जाताना लवंगीमामा चपला दाराबाहेर काढून ठेवायचे. वीज मंडळाचं कार्यालय असो, सोसायटी असो की बाजार समिती, मामा अनवाणी आत शिरले की जुने कारकून एकमेकांकडे बघायचे आणि खुर्च्या जरा मागे सरकवायचे. नवख्याला वाटायचं, काय देवभोळा माणूस आहे! मी लहानपणी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "पायमा वहान ऱ्हायनी का ती हातमा येस." अंगानं बुटके, काटकुळे आणि रागावले की कानापर्यंत लाल. आमच्या तापीकाठच्या गावाचं निम्मं शिवार मिरचीचं, त्यामुळे कोणाला कोणत्या मिरचीचं नाव शोभेल हे लोकांना बरोबर कळायचं.

माझे वडील गेले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. आई मला घेऊन माहेरी आली, काही वर्षांत तीही गेली आणि मी मामांच्याच घरात वाढले. मामी इतकी शांत, की तिचा आवाज स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर यायचा नाही. मामांचा आवाज वेशीपर्यंत जायचा. दोघांचा संसार कसा चालतो असं लोक गमतीनं विचारायचे. मामी म्हणायची, "मी बोलस कमी, म्हनीसन त्यासले आयकू येस."

मामांचा सगळा राग एका शब्दावर होता, कपात. नंदुरबारच्या बाजारात व्यापारी मिरची ओली आहे म्हणून वजनात घट धरायचा, तेव्हा मामा मूठभर मिरच्या त्याच्या कानाशी नेऊन खुळखुळ वाजवायचे. "आयक, वली मिरची वाजस का?" आणि तरीही तो काही कापायला लागला की ठरलेलं वाक्य यायचं, "कापाले मी काय बोकड शे का?" ट्रॅक्टरचा विमा काढणारा एजंट तर आमच्या घरी येण्याआधी कोपऱ्यावर चहा पिऊन धीर गोळा करायचा. मामा त्याला प्रत्येक ओळीचा जाब विचारायचे. हे कशाचे, ते कशाचे, गेल्या वर्षी ट्रॅक्टरला ओरखडासुद्धा आला नाही त्याची सूट कुठे गेली?

अशा माणसानं माझ्या लग्नात गाडी दिली. याचा मला आजही संताप येतो. मामांचा बरीच वर्षं आला, माझा अजून येतो आणि त्या मांडवात टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचाही येतो. आमच्याकडच्या चांगल्या घरांत हल्ली कोणी हुंडा मागत नाही. फक्त "पोरीच्या सोयीसाठी काय द्यायचं ते तुम्ही ठरवा" असं म्हणतात आणि समोरच्यानं बरोबर ठरवलं नाही तर बैठक पुढे ढकलतात. मामांनी ठरवलं. आईबापाविना पोर आहे, कोणी तिला कमी लेखू नये, एवढाच विचार. पांढरी गाडी लाल फीत बांधून मांडवाच्या तोंडाशी उभी केली. कर्ज मामांच्या नावावर होतं म्हणून गाडीही त्यांच्याच नावावर राहिली. सासरच्यांना त्याचं काही वाईट वाटलं नाही. हप्ते मामाच भरणार होते ना!

सासर खापरला, बाजारपेठेत भुसार मालाचं दुकान. विम्याची मुदत संपत आली की सासूबाई फोन लावून माझ्या हातात द्यायच्या. म्हणायच्या, गाडी त्यांच्या नावावर, म्हणजे विमाही त्यांनीच काढायचा, यात मागणं कसलं? मी फोन कानाला धरून उभी राहायची आणि मामा पलीकडून मला बोलूच द्यायचे नाहीत. "माहीत शे बेटा, भरी देस." दरवर्षी भरला, एजंटाशी एक शब्दही न भांडता. एकदा मामीनं विचारलं, व्यापाऱ्याशी भांडता मग या लोकांशी का नाही? तेव्हा म्हणाले, "पोर त्यासना घरमा शे. तोंड दाबनं पडस." मिरचीसाठी बाजार डोक्यावर घेणारा माणूस माझ्यासाठी गप्प बसला, हे मी नंतर मामीकडून ऐकलं आणि मला रडू आलं नाही, चीड आली.

लग्नाला चार वर्षं झाली तेव्हा माझ्या नवऱ्याला गाडी लहान वाटायला लागली. दुकानाच्या शेजाऱ्यानं मोठी घेतली होती. जुनी विकून वर पैसे घाला, असं मी मामांना सांगायचं होतं. मी नाही म्हटलं. पहिल्या दिवशी त्यानं ताट भिरकावलं. दुसऱ्या दिवशी माझ्या कानाखाली मारली आणि मला ओट्यावर काढून आतून कडी लावली. भर दुपार होती. रस्त्यानं बाजाराला आलेली माणसं जात होती, ओळखीची होती आणि सगळ्यांना अचानक चपलांकडे बघत चालायची सवय लागली होती. मी समोरच्या बाईचा फोन मागून मामांना बोलावलं.

मामा एसटीनं आले. खिशात गाडीची दुसरी चावी होती. त्यांनी माझा सुजलेला गाल बघितला आणि त्यांचा आवाज चढला नाही, तेव्हा मला भीती वाटली. सासरे ओट्यावर येऊन म्हणाले, पोरीला न्या चार दिवस, पण गाडी राहू द्या, लोक काय म्हणतील? मामा म्हणाले, "गाडी मन्हा नाववर शे. पोर तिन्हा सोताना नाववर शे. दोन्ही जातीन." मामांनी स्वतः चालवत गाडी अक्कलकुव्यापर्यंत आणली. तिथे हायवेला गाडी थांबवून त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि स्वतः टायरला टेकून उभे राहिले. बहुतेक रडले असावेत. मी बघितलं नाही.

मग सुरू झालं समजुतीचं नाटक. आमचे एक लांबचे नातेवाईक आहेत, सगळे त्यांना बापू म्हणतात. कोणाचंही मोडत आलेलं लग्न सांधायला ते स्वखर्चानं जातात आणि सांधताना वाकायला नेहमी मुलीलाच सांगतात. ते दर आठवड्याला दोघा-तिघांना घेऊन आमच्या अंगणात यायचे. बोलणं माझ्याशी कधीच नाही. सगळ्यांचे डोळे लिंबाखाली उभ्या असलेल्या गाडीवर. आधी गाडी परत पाठवा, मन राखा, मग पंधरा दिवसांनी पोरीला पोहोचवा, असा त्यांचा तोडगा. एकदा तर बापू मोठ्या शहाणपणानं म्हणाले, "आत्तेच तर तुम्ही गाडीना वरीसना इमा भरा. मझारमाच मोडा ते पैसा कापतस. लगीनबी तसंच ऱ्हास, मझारमा मोडू नई." मध्येच मोडू नये, यावर दोघांनी माना डोलावल्या. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तो बापूंच्या धोतरावर कसा ओतला नाही याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

मामांच्या मात्र ध्यानात एक गोष्ट आली. गाडी अंगणात आहे तोवर ही माणसं येत राहणार. शहाद्याच्या एका शिक्षकाला त्यांनी गाडी विकली. आलेल्या पैशातून उरलेलं कर्ज फेडलं. शिक्षकानं आपल्या नावावर गाडी करून स्वतःचा नवा विमा घेतला. राहिला होता मामांचा चालू विमा, तो मोडायला आम्ही दोघं नंदुरबारला कंपनीच्या कार्यालयात गेलो.

खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिनं नीट समजावून सांगितलं. निम्मं वर्ष उरलं म्हणून निम्मे पैसे परत मिळतील असं नसतं. मुदतीआधी विमा मोडला की झालेल्या महिन्यांना चढा दर लागतो. कर परत येत नाही. शिवाय मोडण्याचं वेगळं शुल्क. उरलं ते इतकं कमी होतं, की आता छत खाली येणार अशा तयारीनं मी मामांकडे बघितलं. मामा शांतपणे ऐकत होते. शेवटी माझाच तोल गेला. जे महिने गाडी तुमच्या विम्यावर चालणारच नाही त्यांचे पैसे तुम्ही कशाचे ठेवून घेता, असं मी त्या मुलीवर खेकसले. मामांनी माझ्या हातावर हात ठेवला. "कापू दे बेटा. चूक मन्ही व्हती. गाडी मीच दिन्ही. दंड मालेच भरू दे."

त्यांच्या तोंडून 'चूक' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मांडवातल्या त्या लाल फितीबद्दल माझ्या मनात जे साचलं होतं त्यातलं बरंचसं त्या खिडकीपाशी निवळलं. सगळं नाही. मामांवरचा राग गेला, बाकीच्यांवरचा मी जपून ठेवला आहे.

मुलीनं विचारलं, "काका, विमा बंद करण्याचं कारण काय लिहू?" मामा म्हणाले, "लिखा, पोर घर उनी." 'पोर घरी आली' हे कारण ऐकून तिनं एकदा मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग अर्थातच 'गाडी विकली' असं लिहिलं.

त्यानंतर मामा आणखी काही वर्षं जगले. मी नंदुरबारला एका दवाखान्यात नोंदणीच्या कामाला लागले, कोर्टातलं घटस्फोटाचं प्रकरण तारखांवर तारखा खात राहिलं. शनिवारी घरी गेले की मामा माझ्या कामातलं सगळं विचारायचे आणि कोणी डॉक्टर माझ्यावर आवाज चढवतो का, हेही विचारायचे. गेल्या हिवाळ्यात मिरची वाळत घालण्याच्या पथारीवर, भर उन्हात माणसांवर ओरडता ओरडता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. त्यांना आजारपण आलं असतं तर त्यांनी ते सहन केलं नसतं आणि आम्हालाही करू दिलं नसतं. पण घर इतकं गप्प झालं, की पहिले काही दिवस मी उगाच भांडी आपटायची.

तेराव्याला पंगत बसली होती. मी भात वाढत बापूंच्या पानापाशी आले. त्यांनी हात आडवा केला आणि दबक्या आवाजात, अगदी मायेनं म्हणाले, "आते मामा नई ऱ्हायना बेटा. तुन्हा डोकावर कोन शे? त्या लोके आजूनबी तयार शेतस. मी बोलू का?"

मामांच्या तेराव्याचं जेवण चालू होतं. मामांच्या अंगणात बसून, मामांच्या नावाचा घास तोंडात घेऊन हा माणूस मला परत पाठवायला निघाला होता. माझे कान तापले. भाताचं पातेलं मी खाली ठेवलं.

"बापू, मामानी इमा मोडा, पैसा कापाई ग्यात, त्यानी हू का चू करं नई. मन्हंबी काय कापाई जाई ते जावो. मी तठे जावाव नई. तुम्ही आते पुसू नका."

शेजारचे दोघे जेवायचे थांबले. पंगतीच्या त्या टोकाला मात्र बोलणं तसंच चालू होतं. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून मामीचा आवाज आला. माणसांनी भरलेल्या अंगणात तिचा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

"आखो एक डाव बोल वं पोर. मांगे बसेल लोकेसले आयकू उनं नई."

मी पुन्हा बोलले. या वेळी वेशीपर्यंत ऐकू जाईल असं.