योव्का जिवंत असताना थांबवलेलं घड्याळ

तुमचं माणूस जिवंत आहे, इस्पितळात श्वास घेतंय, आणि इकडे तुमच्याच घरात शिरून कुणीतरी त्याच्या मरणाचं सगळं उरकून गेलंय, असं झालं तर तुम्ही काय कराल? खरं सांगा. शिव्या घालाल? हसाल? उत्तर पटकन देऊ नका. राचोनं पटकन दिलं होतं, आणि ते त्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतसुद्धा पुरलं नाही.

राचो म्हणजे आमच्या द्र्यानोवो गावच्या बस डेपोतला जुना मेकॅनिक. निवृत्त झाला तरी गल्लीत कुणाची गाडी खोकली की हा चहा टाकून उठणार. डेपोतल्या पोरांना कामावरून काढायला निघाले तेव्हा याच माणसानं फाटकात बस आडवी लावून साहेबाला संध्याकाळपर्यंत आत कोंडलं होतं. पाद्री समोरून आला की माणसं वाट सोडतात. राचो पाद्र्याला वाट सोडायला लावायचा. शकुन, नजर, करणी हे सगळं गरिबाला गप्प बसवण्यासाठी काढलेलं आहे हे त्याचं ठाम मत, आणि ते सांगायला त्याला राकिया दारूचा पेलाही लागत नसे. बायको योव्का ते ऐकून घ्यायची, आणि रविवारी चर्चमधून आली की डोक्यावरचा रुमालही न सोडता भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायची. घड्याळ तिच्या वडलांचं. लंबकाचं, काचेच्या दाराचं, टोले देणारं. राचोनं त्याला कधी बोट लावलं नव्हतं. ते योव्काचं खातं होतं.

एका पहाटे योव्का स्वयंपाकघरात खाली बसली ती उठेना. ओठ निळे पडले होते. रुग्णवाहिका आली, राचो तिच्यासोबत आत चढला. चालक भला माणूस. गल्ली झोपलेली, रस्ता रिकामा, मग उगाच कशाला लोकांना उठवा म्हणून त्यानं भोंगा वाजवला नाही. त्या एका भलेपणानं पुढचा सगळा घोळ केला.

कारण कुंपणापलीकडे पेना जागी होती. गल्ली तिला लेल्या पेना म्हणते, म्हणजे पेनामावशी. विणकाम गिरणीतून निवृत्त, दात मोजके, नजर घारीची. तिनं खिडकीतून स्ट्रेचर पाहिलं, त्यावर गळ्यापर्यंत ओढलेली चादर पाहिली, आणि गाडी गुपचूप निघून गेलेली पाहिली. आमच्याकडे जुन्या बायकांचा हिशोब सरळ आहे. गाडी ओरडत गेली तर माणसात जीव आहे. गप्प गेली तर घाई संपली. पेनाकडे घराची किल्ली होती. ती रडत रडत आत गेली आणि मेलेल्याच्या घरात शेजारणीनं जे करायचं ते तिनं केलं: खिडकी उघडली, आरशावर चादर टाकली, आणि लंबक मुठीत धरून घड्याळ थांबवलं. त्याचा टोला आत्म्याला अडवू नये म्हणून. मातीला जाऊन आल्यावर घरच्यांपैकी कुणीतरी ते पुन्हा चालू करतं, तोपर्यंत नाही. एवढ्यावर थांबली असती तर ती पेना कसली. भिंतीवरचा योव्काचा फोटोही तिनं चौकटीतून काढला आणि गावात भिंतींवर चिकटवायचं मृत्यूचं पत्रक छापायला दुकानात नेऊन दिला.

राचोला यातलं काही ठाऊक नाही. जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरणीनं सांगितलं की हृदयाची झडप गेलीय, उद्या सकाळी शस्त्रक्रिया, तुम्ही इथं बसून काही उपयोग नाही, आम्ही फोन करू. तो बसनं परतला. पाव घ्यायला बेकरीत शिरला, तर बेकरीवालीनं पाव द्यायच्या आधी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "देव तिला क्षमा करो, राचो."

हे वाक्य आमच्याकडे जिवंत माणसासाठी कुणी म्हणत नाही.

बसमध्ये असताना गेली का? इस्पितळानं गावात कळवलं आणि मला कळवलं नाही? पाव तिथंच राहिला. चढावर तो धावला नाही, धावताच येईना. भिंतीला हात लावत, मधूनमधून थांबत घरी आला. दार उघडलं तर आत गारठा, आरशावर पांढरी चादर, भिंतीवर रिकामी चौकट. आणि शांतता. त्या घरात त्यानं अशी शांतता कधी ऐकलीच नव्हती. लग्नानंतरची सगळी वर्षं ते घड्याळ त्याच्या कानात होतं, इतकं की ते आहे हेच तो विसरला होता.

इस्पितळाचा नंबर लावताना बोट तीनदा चुकलं. परिचारिका वैतागून म्हणाली, झोपल्यात त्या, काय झालं तुम्हाला?

मग त्याचा राग बघायला हवा होता. कुंपणाचं फाटक लाथेनं उघडून तो पेनाच्या अंगणात गेला. बाई अंगणात उद्याच्या अंत्यविधीला शिजवून वाटायचे गहू निवडत बसली होती. ते बघून तर तो पेटलाच. काय काय बोलला ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. गिधाडंसुद्धा वाट बघतात, असं म्हणाला. योव्का जिवंत आहे एवढं डोक्यात शिरल्यावर पेनानं छातीवर क्रूस काढला, गव्हाचं ताट बाजूला सारलं, आणि मग तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"अरे पोरा," ती म्हणाली, "मग ते घड्याळ चालू कर आधी. मी तिच्या नावानं थांबवलंय. ते वाट बघत बसतं."

"कसली वाट?"

"ज्याच्या नावानं थांबवलं त्याची."

राचो हसला. म्हाताऱ्या बायकांनी गिरणीत जेवढी लोकर विणली त्याहून जास्त भीती विणली, असं काहीतरी टाकून बोलला आणि घरी आला. फोटो दुकानातून परत आणला. चादर ओढून काढली. घड्याळाचं दार उघडून लंबकाला बोटानं धक्का दिला.

लंबक सुटून त्याच्या हातातच आला.

तिथं त्याचं हसू संपलं. त्यानं तो परत लटकवायचा प्रयत्न केला, पण वरचा आधारच लागेना. दार लावलं. उघडलं. जेवण केलं नाही. घड्याळाकडे पाठ करून बसला, तर पाठीला ते जाणवत राहिलं. आपण कामगार संघटनेचा माणूस, आपल्याला भीती वाटते ती एका पितळी खोक्याची, याची त्याला लाज वाटली. पण लाजेनं भीती जात नाही, ती फक्त गप्प बसते.

सकाळी शस्त्रक्रियेची वेळ झाली. गावात घड्याळजी उरला नाही, त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. राचोनं टेबलावर जुना टॉवेल पसरला, घड्याळ भिंतीवरून उतरवलं आणि तबकडी, काटे काढून आतलं यंत्र बाहेर घेतलं. डिझेल इंजिन त्यानं डोळे मिटून खोललं होतं. हे त्याच्या तळहाताएवढं. दोन पितळी पत्रे, मधे चक्रं, चार कोपऱ्यांत चार नट. त्याची विचार करायची एकच रीत: चालत नाही ना, खोल सगळं. इंजिन बंद केलं की त्यात जोर राहत नाही, ही त्याच्या हाताला लागलेली सवय. घड्याळ थांबलं तरी त्याचा जोर स्प्रिंगमध्ये गुंडाळून तसाच बसलेला असतो, हे त्याला कोण सांगणार? योव्कानं रविवारी पूर्ण किल्ली दिली होती.

तीन नट निघाले. चौथा सैल झाला तसा वरचा पत्रा केसभर उचलला गेला आणि आतून काहीतरी ढकलू लागलं. जिवंत जनावर पोत्यातून ढकलतं तसं. एक चक्र करकरत तिरकं झालं. राचोनं दोन्ही पंजांनी पत्रे दाबून धरले. सोडलं तर काय होईल याची त्याला कल्पना नव्हती, पण डेपोत सुटलेल्या स्प्रिंगनं एकाची बोटं कशी नेली ते त्यानं पाहिलं होतं. आणि बोटांपेक्षा वाईट विचार लगेच मागून आला: हे आता, या घडीला फुटलं, तर तिकडे टेबलावर तिचं काय होईल?

तेवढ्यात खिडकीच्या कट्ट्यावर फोन वाजला.

इस्पितळ. दुसरं कोण असणार. राचोनं कोपरानं फोन ओढायचा प्रयत्न केला, पत्रा सरकला, त्यानं पुन्हा दाबलं. फोन वाजून वाजून थांबला. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात नव्हता. पुन्हा वाजला. मग हा मानी माणूस, कालच जिला गिधाड म्हणाला तिच्या नावानं ओरडला.

पेना सपाता घालून धावत आली. दारातच त्याचा चेहरा पाहून ती थेट फोनकडे वळली. फोन उचलला खरा, पण तिचं बोट काचेवर भलतीकडेच दाबत होतं.

"हिरवं, लेल्या पेना. हिरवं सरकव."

"सरकवतेच आहे रे, ते पळतंय."

सरकलं. तिनं फोन त्याच्या कानाला लावला. डॉक्टरणीनं नाव विचारलं. मग म्हणाली, "तुमच्याजवळ आत्ता कुणी आहे का?"

हा प्रश्न कशासाठी विचारतात हे सगळ्यांना माहीत असतं. फोनला कान लावून ऐकणारी पेनाच ओरडली, "आहे, मी आहे, बोला."

डॉक्टरणीला रक्त देणारी माणसं हवी होती. शस्त्रक्रियेत बरंच रक्त लागलं, ते भरून द्यायचं, आज कुणी येऊ शकेल का, म्हणून ती विचारत होती. आणि बाई? बाईंची झडप बसली, अजून शुद्धीवर यायच्यात, चोवीस तास जपायचं आहे, एवढंच सांगते. पेनानं लगेच आपलं रक्त देऊ केलं. वय ऐकून डॉक्टरणीनं आभार मानले आणि फोन ठेवला.

"माझं रक्त काय विटलंय का," पेना पुटपुटली, आणि मग ती दोघं हसली की रडली ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. राचोचे हात मात्र पत्र्यांवर तसेच.

पुढचं काम पेनाच्या बोटांनी झालं. आयुष्यभर सुयांत दोरे ओवलेली बोटं ती. तिनं टोकदार चिमट्यानं चक्राचा दांडा भोकात बसवला, राचोच्या अंगठ्यांमधून नट घातले, एकेक करून आवळले. मग कुठं त्यानं हात सोडले. बोटं उघडायला वेळ लागला. आता त्याला अक्कल आली होती. किल्ली बसवली, पेनानं ती दोन्ही हातांनी धरली, त्यानं स्क्रू-ड्रायव्हरनं स्प्रिंग अडवून धरणारा खटका अलगद उचलला, आणि किल्ली थोडी थोडी उलटी सोडत त्यांनी तो जोर उतरवला. एकदा किल्ली निसटली आणि राचोच्या सांध्यावर अशी बसली की टॉवेलवर रक्त सांडलं. "घे," पेना म्हणाली, "तुझंच घेऊन जा इस्पितळात."

आणि बिघाड? यंत्राला काही झालंच नव्हतं. लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीला लटकतो, ती नखाएवढी पट्टी पेनाच्या मुठीच्या हिसक्यानं तुटली होती. ती बाहेरच होती. एक नटही खोलायची गरज नव्हती. मग राचोनं इंजिनातल्या फटी मोजायच्या फिलर गेजचं सर्वांत पातळ पोलादी पान कापलं, दोन टोकांना भोकं पाडली आणि पट्टी तयार केली. जाडी थोडी जास्त, पण बसली.

घड्याळ भिंतीवर गेलं, लंबक लटकला. राचोनं बोट पुढं केलं आणि तसंच हवेत ठेवलं. चालू करायचं? मातीला जाऊन आल्याशिवाय चालू करत नाहीत. न करायचं? मग ते वाट बघत बसतं. त्यानं पेनाकडे पाहिलं. असलं प्रकरण तिच्या आईच्या काळातही कुणी ऐकलेलं नव्हतं. शेवटी तीच म्हणाली की ज्याचं आहे त्यानंच हात लावावा. राचोनं वाद घातला नाही. कोट चढवला आणि रक्त द्यायला बस पकडली.

योव्का घरी येईपर्यंत तो त्या घड्याळासमोरून मान खाली घालून जायचा. ती आली तेव्हा कागदासारखी पांढरी होती, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि तिनं कान दिला.

"इतक्या दिवसांत कुणाला किल्ली द्यायचं सुचलं नाही का?"

कोटही न काढता ती गेली, किल्ली दिली, लंबकाला बोट लावलं. राचो तिच्या मागे हात पसरून उभा होता, ती पडली तर धरायला. खरं म्हणजे धरायचं ते तिला की घड्याळाला, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. टक... टकटक. टक... टकटक. लंगडत का होईना, चाललं.

अजून चालतंय. योव्काही चालतेय, भिंतीच्या आधारानं, पण चीज भरलेली पापुद्र्यांची बनित्सा स्वतः लाटते. तिला आजतागायत कुणी काही सांगितलेलं नाही. बेकरीवालीनं नाही, पत्रकवाल्या दुकानदारानं नाही, आणि पेनानं तर नाहीच, जिच्या पोटात एरवी काही राहत नाही. पण योव्काचा कान तिखट आहे. वडलांचं घड्याळ आपण नव्हतो तेव्हा लंगडायला का लागलं, हे ती घरात येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, आणि राचो तिच्या खुर्चीमागे उभा राहून पाहुण्याच्या तोंडाकडे बघत राहतो. आजही त्याचा चेहरा तेव्हा तसाच होतो, दोन्ही हातांनी पत्रे दाबून धरल्यासारखा. तुम्ही कधी त्या घरी गेलात, टेबलाशी बसलात आणि तिनं तुम्हालाही विचारलं, तर एवढं करा: धूळ गेली असेल म्हणा.