झाशीत दिलेला राजीनामा

कराडच्या एस.टी. स्टँडवर मला पोचवायला आलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं. "झाशी? राणीचं गाव! नशीबवान आहेस." आत्या म्हणाली, शेजारच्या काकू म्हणाल्या, आरक्षणाच्या खिडकीतला ओळखीचा माणूसही म्हणाला. यातलं कुणी झाशीला गेलेलं नव्हतं. राणीच्या गावात भाजी काय भाव मिळते, नळाला पाणी किती वेळ येतं, हे मी विचारलं तर कुणाला सांगता येईना. मी सामान मोजायला घेतलं. ट्रंकेच्या झाकणाला आतून यादी चिकटवलेली होती. भाऊ हसला, "ताई, राणीसुद्धा एवढी यादी करून निघाली नसेल." नवरा एका सरकारी इंजिनिअरिंग कंपनीत नोकरीला होता. त्याची बदली झाशीला झाली आणि तो आधीच तिकडे रुजू झाला होता. मला मागून जायचं होतं.

राणीबद्दल बोलली नाही ती एकटी आई. तिने कांदा-लसूण मसाल्याचा डबा माझ्या हातात दिला, झाकण घट्ट आहे का ते परत एकदा पाहिलं आणि म्हणाली, "परक्या गावात कसली जबाबदारी अंगावर घेऊ नकोस. घेतलीस तर मग रडत फोन करू नकोस."

पुण्याहून झाशीची गाडी धरली. भुसावळच्या पुढे माझ्या आडनावातला ळ कुणी पाहिलेला नाही. साळुंखेची मी सालुंके मैडम झाले ती आजतागायत.

याला आता पंचवीस वर्षं होत आली. कराडच्या मैत्रिणी आणि माझ्यासारख्याच बाहेर पडून बंगळुरूला किंवा अमेरिकेला गेलेल्या मैत्रिणी अजून विचारतात, राणीच्या गावात तू करतेस काय? खरं उत्तर द्यायची लाज वाटते म्हणून आजवर "शिकवते" एवढंच सांगत आले. खरं उत्तर असं, की मी क्लब चालवते.

मऊरानीपुरच्या रस्त्यावर, पेट्रोल पंप आणि मोहरीचं शेत यांच्यामध्ये आमचं छोटं खाजगी कॉलेज आहे. मी तिथे कॉमर्सच्या मुलांना हिशेब शिकवते. तीन वर्षांपूर्वी बातमी आली की तपासणीला समिती येणार आणि ती विचारणार, विद्यार्थ्यांचे क्लब किती? एकही नव्हता. दुपारच्या चहाला नव्हता, संध्याकाळच्या चहापर्यंत अकरा झाले. प्राचार्य म्हणाले, "सालुंके जी, आपकी लिस्टें बहुत सुंदर बनती हैं. आप प्रभारी." हिंदीत शिक्षणाला शिक्षा म्हणतात. मराठी माणसाने त्यावरूनच सावध व्हायला हवं.

अकरा क्लब, आणि सगळ्यांत मुलं तीच. साधा सदस्य कुणीच नाही. जो तो अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव. इको क्लब दरवर्षी कँटीनमागच्या त्याच खड्ड्यात नवं रोप लावतो, कारण खड्डा तयार आहे. मागचं रोप शेजारच्या शेळीने खाल्लेलं असतं. रोपाला एकजण हात लावतो आणि बाकीचे त्या एकाला हात लावतात, म्हणजे फोटोत सगळ्यांनी लावलं असं दिसतं. हेरिटेज क्लब किल्ला पाहायला निघाला तो सदर बाज़ारात चाट खाऊन परतला. दारापर्यंत जाऊन आलो, दरवाजाही वारसाच असतो, असं त्यांच्या अहवालात लिहिलेलं आहे. साहित्य क्लबात गेल्या वर्षी कुणी एखादं पुस्तक वाचल्याचा पुरावा माझ्याकडे नाही.

या सगळ्यांवर कळस म्हणजे अल्फा मेधा सोसायटी. आमचे सक्सेना सर एकदा संगणकावर परदेशातल्या एका कॉलेजची माहिती वाचत बसले. तिथे हुशार मुलांची मानाची मंडळी असते, तिला ग्रीक अक्षरांचं नाव असतं, ती मुलं शपथ घेतात. सरांचे डोळे पाणावले. पंधरा दिवसांत आमच्याकडेही मानाची मंडळी तयार. ग्रीकमधलं एकच अक्षर सरांना येत होतं, ते लावलं. खांद्यावरून घालायचे जांभळे पट्टे सदर बाज़ारातल्या एका दुकानातून आणले. तेच दुकान लग्नसराईत नवरदेवांचे फेटे भाड्याने देतं. शिवाय पत्र्याचा बिल्ला, समईसमोर शपथ, आणि फाटकावर प्रत्येकाचा चेहरा छापलेला फ्लेक्स. ब्रीदवाक्य ठरलं, "निरंतर चेष्टा". हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, सक्सेना सरांना पहिल्यांदाच काहीतरी खरं सुचलं.

गेल्या वर्षी प्रीति साहू माझ्याकडे आली. तिसऱ्या वर्षाला होती. रोज मऊरानीपुरहून बसने येऊन-जाऊन करायची, इथे त्याला अप-डाउन म्हणतात. तिची ताळेबंदाची उत्तरं तपासताना मला लाल पेन उघडावं लागत नसे. वडील गल्ला मंडीत, म्हणजे धान्यबाजारात, एका आडत्याकडे मुनीम. घरात चालतं मात्र आजोबांचं. त्यांना ती बब्बा म्हणते.

"मैडम, अल्फा मेधा में मेरा नाम क्यों नहीं है?"

कारण मला ठाऊक होतं. सक्सेना सरांचा नियम असा, की मानकरी व्हायचं तर नुसते गुण पुरत नाहीत, दोन क्लबांमध्ये पदही हवं. क्लबांच्या बैठका तास संपल्यावर, चारनंतर. अंधाराच्या आत घरी पोचायचं तर प्रीतिला साडेतीनची बस धरावी लागे. तिच्याकडे पद कुठून येणार?

मी तिला माझं प्रामाणिक मत सांगितलं. "बेटा, वह बिल्ला टिन का है. एक बरसात में ज़ंग खा जाएगा."

ती शांतपणे म्हणाली, "मैडम, आपको कहीं जाने के लिए किसी को कुछ दिखाना नहीं पड़ता न."

मग तिने सांगितलं. तिला एम.कॉम. करायचं होतं. बब्बांचं म्हणणं, "मोड़ी ने भौत पढ़ लओ", मुलगी पुष्कळ शिकली, आता लग्न. पण मंडीतल्या एका दुकानात तराजूच्या वर त्या दुकानदाराच्या नातवाचा फोटो टांगलाय, आमच्या जांभळ्या पट्ट्यातला. बब्बा रोज त्या दुकानात बसतात आणि रोज तो फोटो बघतात. एकदा घरी म्हणाले, कॉलेजने असा मान आपल्या मुलीला दिला असता तर गोष्ट वेगळी होती. बी.कॉम. तर काय, घरोघरी आहेत.

ज्या पट्ट्याला मी पायपुसणं करायच्या लायकीचा समजत होते, त्यावर एका मुलीची दोन वर्षं टांगलेली होती. माझा त्या पट्ट्यावरचा राग दुप्पट झाला.

मी बैठक लावली. प्राचार्य होते, सक्सेना सर होते, आणि अल्फा मेधाचा अध्यक्ष अंकुर होता. अंकुर बैठकीलासुद्धा पट्टा घालून आला होता. मी म्हटलं, क्लबांच्या बैठका जेवणाच्या सुट्टीत घ्या, म्हणजे बसने येणाऱ्या मुलांनाही पदं मिळतील. आणि या वर्षी प्रीतिचं नाव घाला.

"मैडम, नियम तो नियम है," सक्सेना सर म्हणाले. "आज बस वालों को छूट, कल ट्रेन वालों को, परसों कोई कहेगा मेरी भैंस ब्याही है." ब्याही म्हणजे व्यायली.

"भैंस को आपने इको क्लब का सहसचिव तो बना ही रखा है," मी म्हटलं.

अंकुर हसला आणि मग आपण स्वतःच इको क्लबचे सहसचिव आहोत हे आठवून थांबला.

सक्सेना सर खुर्चीत मागे रेलले. "सर, देख रहे हैं? ये मराठी लोग बात-बात पर तलवार निकाल लेते हैं."

इथे एक सांगायला हवं. मी चिडले की माझी हिंदी मला सोडून कराडला निघून जाते. आणि त्या दिवसांत आईचा रोज संध्याकाळी फोन येई. नवऱ्याची निवृत्ती जवळ आली होती, कराडला घर बांधून तयार होतं, आणि आईचं पालुपद ठरलेलं, "आता पुरे झालं. राजीनामा दे आणि घरी ये." तो शब्द माझ्या जिभेवर तयारच बसला होता.

मी उठून उभी राहिले. "ठीक है. तो फिर मेरा राजीनामा लीजिए. अभी लीजिए."

प्राचार्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं मी गेल्याचा यांना एवढा आनंद? ते सक्सेना सरांकडे वळले. "देखिए, इसको कहते हैं बड़प्पन. मैडम खुद राज़ीनामे की बात कर रही हैं. अब थोड़ा आप भी झुकिए."

नोकरी सोडतात त्याला इथे इस्तीफ़ा म्हणतात. राज़ीनामा म्हणजे समेट. दोन भाऊ बांधावरून भांडतात, काठ्या निघतात, प्रकरण ठाण्यात जातं, आणि शेवटी कुणीतरी वडीलधारा मध्ये पडून राज़ीनामा करवतो. हे मला चांगलं माहीत होतं. इतकी वर्षं इथल्या वर्तमानपत्रांत वाचत आले होते. शांत डोक्याने मी ही चूक जन्मात केली नसती.

"सर, राज़ीनामा नहीं, इस्तीफ़ा," एवढंच म्हणायचं होतं. त्या वाक्याने मी सुटले असते. अकरा क्लब, तो खड्डा, ती शेळी, सगळ्यातून. पण मग प्रीतिसाठी त्या खोलीत भांडायला कुणी उरलं नसतं. मी तो शब्द गिळला आणि खाली बसले.

"जी," मी म्हटलं, "शर्तें लिखिए."

अटी सांगायला मला वेळ लागत नाही. बैठका जेवणाच्या सुट्टीत. अप-डाउन करणाऱ्यांना पदं. प्रीति साहूचं नाव याच वर्षी. सक्सेना सर लिहीत गेले. भांडणाऱ्या बाईशी लढता येतं, समेटाला आलेल्या बाईशी काय करणार?

पण प्राचार्यही याच मातीतले. म्हणाले, "और आपकी तरफ़ से, मैडम? राज़ीनामा एक तरफ़ा थोड़े होता है." माझ्या बाजूने असं ठरलं, की पुढची तपासणी होईपर्यंत क्लब मीच सांभाळायचे. आणि अल्फा मेधासुद्धा. म्हणजे आणखी तीन वर्षं. सक्सेना सरांनी उरलेले पट्टे त्याच दिवशी माझ्या टेबलावर आणून टाकले.

समारंभाला बब्बा आले. पांढरं धोतर, हातात काठी, पहिल्या रांगेत. समई लागली, शपथ झाली, निरंतर चेष्टा करण्याचं वचन सगळ्यांनी दिलं. प्रीति पट्टा घालून खाली आली तेव्हा बब्बांनी त्याचं टोक अंगठा आणि बोटांमध्ये धरून चोळलं. मंडीत गव्हाचा नमुना चोळून बघतात तसं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "जो पट्टा सरकारी आय का, बाई जू?" हा पट्टा सरकारी आहे का, बाईजी.

नवरदेवाच्या फेट्यांमधला पट्टा. मी एरवी त्याने कपाट पुसलं नसतं.

"हाँ बब्बा," मी म्हटलं. "एकदम पक्का."

"तौ ठीक है," ते म्हणाले. "मोड़ी पढ़ै."

प्रीति आता आमच्याच कॉलेजात एम.कॉम.ला आहे. जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे येते. इको क्लबची सचिव झाली आहे आणि तिने पहिल्याच बैठकीत विचारलं, शेळीला बांधून का ठेवत नाही? इतक्या वर्षांत हे अध्यक्षांना सुचलं नव्हतं. क्लबांबद्दलचं माझं मत मात्र तसूभरही बदललेलं नाही. अकराच्या अकरा फुकट आहेत. अल्फा मेधा त्यांत सर्वांत फुकट, आणि तिच्या पट्ट्यांना इस्त्री आता मी करवून आणते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. कराडला शाळेत आम्ही शिक्षिकांना बाई म्हणायचो. इकडच्या हिंदीत बाई हा शब्द कोणाला कसा लागेल सांगता येत नाही, म्हणून लोक जपून मैडम म्हणतात. माझा स्वतःचा मुलगा मराठी ऐकतो आणि उत्तर हिंदीत देतो. आणि मंडीतल्या एका म्हाताऱ्याने, तेही मी त्याला तोंडावर खोटं सांगत असताना, मला बाई म्हटलं. मी कुणाची तरी बाई झाले ती झाशीत. कराडचं घर रंगवून, कुलूप लावून ठेवलंय. तिथे माझा प्रत्येक शब्द बरोबर कळतो, आणि तिथे मी कुणाची कोण लागते हेही ठरलेलं आहे. इथे माझा शब्द चुकीचा कळला आणि त्यावर एका मुलीचं कॉलेज चालू राहिलं. घर कशाला म्हणायचं याचा मी पूर्वी विचार केला नव्हता. आता विचारलंत, तर जिथून सुटण्याचा शब्द मला स्वतःहून गिळावासा वाटला, ते गाव सांगेन.

बैठकीच्या त्या संध्याकाळी आईचा फोन आलाच.

"दिलास का राजीनामा?"

"दिला."

"बरं झालं बाई. मग कधी निघतेस?"

"आई, इथला राजीनामा वेगळा असतो. इथं तो दिला की राहावं लागतं."

स्टँडवर काय म्हणाली होती ते तिलाही आठवत असणार. म्हणाली, "म्हणजे मसाला अजून पाठवायचाच?"

"पाठव," मी म्हटलं. "झाकण तेवढं घट्ट बघ."