बोरगावची विहीर

दुपारची जेवणं उरकून मी जरा आडवी होते. डोळा लागतोय न लागतोय तोच आमचे हे पलंगाशी येऊन बसतात. जाऊन सात महिने झाले, पण चेहरा टवटवीत, नाकावर चष्मा, बोटांना डिंक.

"कुमुद, चहा टाकतेस? तिकडे मी कानडी शिकतोय. फार मजा येते!"

माझं डोकंच फिरतं. मेल्यावरही यांचे छंद चालूच! बासरी काय, गुलाबाची कलमं काय, घड्याळं, पक्षी, पतंग... तेराव्याला जो तो मला सांगत होता, "दिगंबरराव किती आनंदात जगले हो!" जगणारच. यांनी रजा काढून पक्षी बघायला जायचं आणि कलमांना पाणी मी घालायचं.

चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात जाते, तर ती आमची गच्ची असते. नुसत्या कुंड्याच कुंड्या.

"चाळीस वर्षांत एकदा तरी विचारलंत, मला काय आवडतं ते?"

"तू कधी बोलली नाहीस."

"तुमचं थांबलं असतं तर बोलले असते!"

ते चष्मा पुसतात. "मग आता सांग. काय आवडतं?"

आणि मला काही म्हणजे काही आठवत नाही. संतापाने कान तापतात. या माणसाला डझनभर सुखं, आणि मला एकाचंही नाव सांगता येऊ नये? मी एक कुंडी उचलून खाली भिरकावते. ती फुटत नाही. डुबुक् असा आवाज येतो.

मी वाकून बघते. खाली बोरगावची, माझ्या माहेरची विहीर. हिरवं गार पाणी. इथे मी पोरांच्या बरोबरीने काठावरून पाण्यात मुटके मारायचे. लग्न ठरलं आणि आईने ते बंद केलं. पुढे मीच विसरून गेले, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

"पोहायला!" मी ओरडते. "मला पोहायला आवडतं!"

त्यांचे डोळे लगेच चमकतात. "अरे वा! मला येत नाही. मलाही शिकव ना." ते बाह्या दुमडायलाही लागतात.

"खबरदार! हे माझं आहे. तुम्ही काठावर बसा."

ते मुकाट्याने बसतात. मी पदर खोचते आणि उडी टाकते.

"आई, उठा." सून मला हलवते आणि दचकते. "अगंबाई, उशी चिंब झालीये! बाबांच्या आठवणीने रडलात का?"

मी उठून बसते, वेणी पुढे घेऊन पिळते. फरशीवर पाण्याची धार लागते, त्यात शेवाळाचा एक हिरवा तुकडा.

"रडायला काय झालंय मला?" मी म्हणते. "पोहून आले."