बबनभाऊंचा क्लचचा पाय

आमच्या लॅबमध्ये आम्ही मोजायला जातो स्नायू, आणि साठत जातात किस्से! रिपोर्टमध्ये त्यांना जागा नसते, म्हणून टपरीवर सांगावे लागतात. अमरावतीतल्या आमच्या कॉलेजात एका खोलीत जुन्या कारची सीट आणि तीन पेडल बसवलेत. पायाला सेन्सर चिकटवायचे, पेडल दाबायचं. स्नायूने जोर लावला की कॉम्प्युटरवरची रेघ उसळते. हे सगळं उभं केलं आमच्या वानखडे मॅडमनी.

बहुतेक किस्से बबनभाऊंचे. ते अमरावती-अकोला टॅक्सी चालवतात. डावा पाय मोडला होता. प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी गाडी चालवायला हो म्हटलं, पण जवळचं बडनेरा सुटत नाही तोच पाय भरून यायचा. टॅक्सीच्या मालकाने सांगून टाकलं होतं, "जमत नसन तं दुसरा ड्रायव्हर पाहतो." म्हणून ते आमच्या लॅबमध्ये आले.

*

पहिल्या दिवशी सेन्सर चिकटेनात. पोटरीवर केसांचं जंगल! मी रेझर काढला तसे बबनभाऊ ताडकन उठले.

"मिशी मागा, देतो! पाय गुळगुळीत करून घरी गेलो तं बायको काय म्हनन?"

मॅडमनी तिथूनच वहिनींना फोन लावला. स्पीकरवर आवाज आला, "दोनी पायाचे काढा, मॅडम. एकच बरा नाई दिसत!"

*

पेडल दाबून झालं की त्रास किती, ते दहापैकी सांगायचं. इकडे रेघ उड्या मारतेय, कपाळावर घाम, आणि बबनभाऊ म्हणतात, "शून्य! एकदम मस्त!" पाहुणा म्हणून आलेला वऱ्हाडी माणूस तक्रार करतो होय? मॅडमनी प्रश्नच बदलला.

"इथं तुमचा साळा बसला असता तर?"

"त्याले? त्याले तं नऊ! रडन तो!"

मॅडमनी नऊ लिहून घेतले. तेव्हापासून आम्ही प्रत्येकाला साळ्याबद्दलच विचारतो.

*

"आता पाय आराम करून राहिला," बबनभाऊ म्हणाले. रेघ मात्र खाली येईना. मी म्हटलं, मशीन बिघडलं! मॅडमनी खाली वाकून पाहिलं. पाय क्लचच्या वर अधांतरी धरलेला!

बबनभाऊ हळूच म्हणाले, "ऐन टाइमाले उचललाच नाई तं? मांगं सवारी बसली असते, मॅडम."

मॅडमनी सीट थोडी पुढे घेतली आणि क्लचच्या बाजूला पाय टेकवायची जागा दाखवली. मग रोज सराव. पाय उचलून धरला की मॅडम ओरडायच्या, "बबनभाऊ, रेघ!" शिकवणारीची आणि शिकणाऱ्याची एवढी जिद्द मी एकत्र पाहिली नव्हती. घरी टीव्ही पाहताना पाय उचलला तरी वहिनी स्वयंपाकघरातून ओरडायच्या म्हणे, "रेघ!"

*

मग खऱ्या टॅक्सीतल्या ट्रायलचा दिवस उजाडला. मालक आणि मी मागे, मॅडम पुढे. मूर्तिजापूरपर्यंत ट्रक, म्हशी, वरात, सगळं आडवं आलं. दाब क्लच, सोड क्लच! बबनभाऊ मात्र भाचीच्या लग्नात जेवणाला काय ठेवावं यावर मालकाशी वाद घालत होते. मॅडमची नजर वाटभर खाली पेडलवर.

अकोला स्टँडवर गाडी थांबली. मालकही पुढे वाकला. मॅडमनी घाबरत विचारलं, "बबनभाऊ, पाय कसा आहे?"

बबनभाऊंनी चावी काढली आणि वळून पाहिलं.

"कोनता पाय, मॅडम?"