मामांची रोजची एकादशी

खाण्याच्या बाबतीत माझ्या थोरल्या मामांइतका चौकस माणूस उभ्या सातारा जिल्ह्यात झाला नाही. शेजारच्या सांगली संस्थानातही झाला नसावा. हे मी भाचा म्हणून नव्हे, पदवीधर म्हणून सांगतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण एखाद्या गोष्टीच्या मुळाशी जायचं म्हणजे काय, हे मी कॉलेजात जायच्या आधीच मामांच्या ओसरीवर पाहिलं होतं. मामा राहायचे कडेगावजवळच्या एका खेड्यात. विहीर, मोट, थोडा ऊस आणि हंगामात चालणारं गुऱ्हाळ. लग्नाला गेले तर मांडवात बसायचे नाहीत, आचाऱ्याच्या चुलवणापाशी उकिडवे बसून आमटीत काय काय पडतंय ते बघायचे. एकदा बैल घ्यायला म्हणून जतच्या बाजारात गेले आणि एका कानडी बाईकडून शेंगांची चटणी शिकून आले. बैलाचं काय झालं, असं मामीनं विचारलं तर म्हणाले, "बैल काय, पुढच्या बाजारालाबी असतील. ती म्हातारी असंलच असं न्हाई." थोरल्या मुलासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा सगळे तिला नावगाव विचारायच्या तयारीत असताना मामांनी पोह्यांचा घास घेतला, डोळे मिटले आणि एकदम विचारलं, "पोरी, ह्यात जवस कुटून घातलाईस न्हवं?" मुलगी 'व्हय' म्हणाली. मामा म्हणाले, "ठरलं." सुनेचं नाव त्यांना हळदीच्या दिवशी कळलं.

अशा माणसाच्या ताटावर संकट आलं, ते दुसरी मोठी लढाई संपत आली त्या सुमारास. मामांच्या पायाच्या अंगठ्याला खुरपं लागलं आणि ती जखम काही केल्या भरेना. हळद झाली, पाला बांधून झाला. त्यातच गोठ्यामागं मामा जिथं लघवीला बसत तिथं मुंग्यांची रांग लागायला लागली. मी सुट्टीला आलो होतो. त्यांना घेऊन मिरजेला डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "मधुमेह आहे. इन्शुलिनची रोजची सुई खेड्यात जमणार नाही. भात, भाकरी, गूळ, साखर आजपासून बंद करा. महिन्याभरात जखम सुकायला लागली नाही तर पाय घोट्यापासून काढावा लागेल."

परत येताना मोटारीत मामा बाहेरचे उसाचे फड बघत होते. मला वाटलं पायाचा विचार करतायत. तो तर होताच, पण कडेगाव जवळ आल्यावर म्हणाले, "आरं, आमी एवढा ऊस गाळतो, काहिलीत रस उकळतो, तवा कुठं गुळाची ढेप पडती. आन ह्या गड्याच्या अंगात बिनउसाची साखर तयार हुतीया. कशी रं?" मी कॉलेजात शिकलेलं जेवढं आठवत होतं तेवढं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे तुमास्नीबी अजून पुरतं ठावं न्हाई."

घरी मामीनं पथ्य ऐकलं आणि कपाळाला हात लावला. मामीची भाकरी म्हणजे पंचक्रोशीत नावाजलेली. पातळ, पांढरीशुभ्र, कडेपर्यंत फुगलेली. "माझ्या भाकरीनं कुणाचं काय घोडं मारलंय?" असं म्हणून ती चुलीपुढं बसून राहिली. पण थोड्या वेळानं तिचा चेहरा उजळला. "धान्य नगं, एवढंच न्हवं? मग त्यात काय! एकादशी धरायची. एकादशीला कुठं कोन धान्य खातंय?"

आणि मामांची एकादशी सुरू झाली. रोजची. जन्मात कधी उपास न केलेल्या या माणसापुढं सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी उकडलेली रताळी, रात्री वऱ्याचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी येऊ लागली. मामीला दुहेरी समाधान. नवरा पथ्यावर आणि देवाच्या मार्गावर. गाव मामांना आण्णा म्हणायचं, आणि त्याला मात्र हे पथ्य ठाऊक नव्हतं. कोणी म्हणालं, ज्वारी रेशनवर आली तसा आण्णा चिक्कू झाला. कोणी म्हणालं, आण्णाला साक्षात्कार झाला. देवळातल्या भजनकऱ्यांनी घरी येऊन त्यांच्या हातात टाळ दिले. मामांनी ते वाजवून बघितले, काशाचे आहेत का पितळेचे, हे विचारून घेतलं आणि चार दिवस भजनात पुढं बसले.

पण मामांचा देवापेक्षा मुंग्यांवर जास्त विश्वास. रोज उजाडताच ते गोठ्यामागं जाऊन मुंग्या बघून येत. एकादशी सुरू झाल्यापासून रांग कमी व्हायच्या ऐवजी तिला फाटे फुटले. एका सकाळी मला हाताला धरून तिथं नेलं आणि म्हणाले, "बघ. वारुळं रिकामी करून आल्यात. रताळ्यात काय असतंय रं?" मी म्हणालो, "मामा, रताळं गोडच की. साबुदाणाही पोटात गेला की त्याची साखरच होते." मामा अंगठ्याकडे बघत राहिले. तो जास्तच काळा दिसत होता. मग आत जाऊन मामीला म्हणाले, "आजपास्नं एकादशी बंद. अंडी आन."

मामीच्या हातातली पळी खाली पडली. "आवं, काल भजनात टाळ वाजवलंत आन आज अंडी?"

"टाळ परत देतो. पाय परत कोन देनार हाय?"

मामीनं पळी उचलली. आणि त्या दिवसापासून तिनं पदर खोचला. परसात निराळी चूल मांडली. अंड्याची पोळी मेथी घालून, वांग्याचं भरीत, शेवग्याचा पाला परतून, घट्ट ताकातली अंबाडी, कधी मटणाचा रस्सा. मटण देणारे मुलाणीचाचा पायाचं हाड निराळं बांधून देत आणि त्याचं सूप कसं उकळायचं ते दारातूनच सांगत. रस्सा कशाशी खायचा, हा मोठा प्रश्न होता. मामांनी तो कोबीच्या पानाशी खाऊन बघितला, मुळ्याशी खाऊन बघितला, शेवटी वाटीनं प्यायले. प्रत्येक पदार्थानंतर गोठ्यामागं जाऊन मुंग्यांचा कौल घ्यायचा आणि येऊन मामीला सांगायचं, "भरीत पास. गाजर जरा कच्चं हाय." मामी तोंड फिरवून हसायची.

महिन्यानं आम्ही तिघं मिरजेला गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली तेव्हा मामी भिंतीकडे तोंड करून उभी होती. जखमेला खपली धरली होती. डॉक्टर म्हणाले, "पाय राहिला. पण पथ्य आता जन्मभर." मामांनी विचारलं, "जन्मभर म्हंजे सणालाबी?" डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली. मामा म्हणाले, "बरं." एवढंच.

पुढं मी सांगलीला नोकरीला लागलो. सुट्टीला गेलो की दिसायचं, मामा आपल्या पायानं मळ्यात जाऊन येतायत आणि संध्याकाळी मामी घरच्यांच्या भाकरी थापायला बसली की न चुकता तिच्या चुलीपाशी उकिडवे बसतायत. एकदा मी तिथंच जेवत होतो. मामीनं भाकरी निखाऱ्याला लावली, ती टम्म फुगली, आणि तिनं ती माझ्या ताटात टाकली. वाफ निघाली. मामा जरा पुढं सरकले. मी पहिला घास घेतला आणि बघतो तर ते माझ्या तोंडाकडे बघतायत.

"कशी लागती रं?" त्यांनी विचारलं.

एवढी वर्षं भाकरी खातोय; पण ती कशी लागते, हे मला कोणी विचारलं नव्हतं. गोड म्हणावं तर गोड नाही, तुरट नाही, खारट नाही. मी पुष्कळ शब्द शोधले. शेवटी म्हणालो, "भाकरीसारखी लागते, मामा."

मामांनी मान डोलावली. "व्हय," ते म्हणाले. "तशीच लागायची."

मामीनं दुसरी भाकरी थापायला घेतली होती. तिचा हात परातीत थोडा वेळ तसाच थांबला.