जपानकाकांना नावं ठेवताना

जपानकाकांचं कुणी कौतुक केलं की त्यांचा अभ्यास बंद पडायचा. हळूहळू नाही, फ्यूज उडाल्यासारखा तिथल्या तिथे. ‘वा काका, या वयात काय जिद्द आहे तुमची’ असं कुणी म्हणायचा अवकाश, काका पुस्तक मिटायचे, टीव्हीवर क्रिकेट लावायचे आणि पुढचा आठवडा शेंगदाणे सोलत बसायचे. उलट कुणी नाक मुरडलं की हा माणूस पेटायचा. देव नाना तऱ्हेची माणसं घडवतो हे मला मान्य आहे, पण या माणसाला चावी उलटी बसवली होती.

नव्वदीतल्या कोपरखैरण्यात आमचे दरवाजे समोरासमोर होते, तिसऱ्या मजल्यावर. मधल्या एवढ्याशा जागेत दोन्ही घरांच्या चपला आणि त्यांची तुळस. काका तुर्भ्याच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते आणि माझा नवरा त्यांच्याच हाताखाली. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. कंपनीने माणसं कमी करायला घेतली तेव्हा काकांनी मुकाट्याने निवृत्ती घेतली आणि फोर्टच्या फुटपाथवरून जपानी शिकायचं एक जुनं पुस्तक आणि त्याच्या कॅसेटा घेऊन आले. निवृत्त झालेला माणूस गुडघेदुखी, भजनी मंडळ किंवा सोसायटीचं राजकारण यातलं काहीतरी धरतो. यांनी जपानी धरलं. बिल्डिंगमधल्या पोरांनी दुसऱ्याच दिवशी त्यांचं नाव जपानकाका करून टाकलं.

क्लास त्यांनी लावून पाहिला होता, थेट मुंबईत जाऊन. तीन दिवसांत सोडला. ‘बाई चांगल्या होत्या गं,’ ते मला सांगायचे, ‘पण प्रत्येक वाक्याला व्हेरी गुड. मी चुकलो तरी व्हेरी गुड. अशाने माणूस शिकेल कसा?’ मग घरच्या घरी अभ्यास सुरू झाला. पहाटे उठून वाचायचं ठरवलं, तर बसल्या बसल्या घोरायला लागले. धडा झाल्याशिवाय श्रीखंड खायचं नाही असा नेम केला आणि आधी श्रीखंड संपवून टाकलं. मग म्हणे, ‘नेमाला आता अर्थ राहिला नाही.’ कपाटावर लावलेल्या निश्चयाच्या चिठ्ठ्यांवर कोळ्यांनी जाळी केली. एक सवय मात्र टिकली. स्वयंपाकाच्या ओट्यावर पाण्यात बोट बुडवून ते अक्षरं काढायचे. ती सुकायच्या आत वाचायची, वाचता नाही आली तर पुन्हा काढायची. चहा उतू जायचा, तो वेगळा.

माझी त्यांची खरी ओळख भांडणातून झाली. माझा नवरा रात्रपाळी करून दुपारी झोपायचा आणि समोरून कॅसेटमधली बाई तेच ते वाक्य परत परत म्हणायची, तिच्यामागून काका. एक दिवस माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दार वाजवलं आणि म्हटलं, ‘काका, ही पोपटपंची पुरे करा. तुम्हाला नाही जमायचं हे. उगाच बिचाऱ्या त्या बाईचा घसा कशाला सुकवताय?’ त्यांनी दार लावलं. माझ्या तोंडाला लगाम नाही हे माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे, पण वडीलधाऱ्या माणसाला असं बोलल्यावर मलाही जरा चुटपुट लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका वाटीभर शिरा घेऊन दारात हजर. चेहरा लग्नघरातल्यासारखा. ‘सुलभा, काल सलग दोन धडे झाले,’ ते म्हणाले. ‘इतके दिवस एक पान पुढे सरकत नव्हतं. तुझं ते ‘नाही जमायचं’ कानात वाजत होतं. रोज बोलशील का?’

‘काय?’

‘रोज सकाळी, दूध घ्यायला बाहेर आलो की. एक वाक्य पुरे. पण मनापासून.’

अशी माझी नेमणूक झाली. अटी त्यांनीच घातल्या. वयावर बोलायचं नाही, काकूंवर नाही, लेकीवर, म्हणजे मंजूवर नाही. फक्त जपानीवर. आणि शिळं चालणार नाही, रोज ताजं हवं. तेव्हापासून सकाळी ते दुधाची पिशवी हातात घेऊन माझ्या दारासमोर थांबायचे आणि एका बोटाने कानाच्या पाळीवर टकटक करायचे. मी पोळ्या लाटता लाटता सुनवायचे. ‘काका, काल ओट्यावर अक्षरं होती की खेकडे फिरत होते?’ ‘काका, तुमचं जपानी ऐकून जपानी माणूस मराठी शिकेल.’ काका मान डोलवायचे, ‘बरं आहे, बरं आहे,’ म्हणायचे आणि तरातरा आत जायचे. नवरा म्हणायचा, तुला पहिल्यांदाच लायकीचं काम मिळालंय.

हे सगळं कशासाठी, ते मला मंजूच्या विषयावर बंदी का, असं विचारल्यावर कळलं. मंजू म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. पुण्याला कॉम्प्युटर शिकली, कंपनीने जपानला पाठवली आणि तिथल्याच मुलाशी तिने लग्न ठरवलं. ते सांगायला फोन केला तेव्हा काका तिला खूप बोलले. त्याच्याशी बोलून तरी निवळतील म्हणून तिने रिसीव्हर त्या मुलाच्या हातात दिला. बिचारा नमस्कार वगैरे काहीतरी म्हणत होता. काका इंग्रजीत ओरडले, ‘यू आर नोबडी,’ आणि फोन आपटला. त्या मुलाला इंग्रजी जेमतेम येत होतं. तेवढं मात्र समजलं. लग्न झालं, मंजू सणासुदीला फोन करत राहिली, पण तो मुलगा पुन्हा फोनवर आला नाही.

‘मग मंजूलाच सांगा ना, बाबा चुकले म्हणून कळव त्याला,’ मी म्हटलं.

काका ओट्यावरचं पाणी पुसत होते. ‘शिवी मी माझ्या तोंडाने दिली. माफी पोरीच्या तोंडाने मागू? त्याच्या भाषेत, त्याच्यासमोर, मीच मागणार.’ मग फडकं पिळून म्हणाले, ‘वाक्य फार मोठं नाहीये गं. मी बोललो ते चुकलं, तू आमचा आहेस. एवढंच. पण त्याने उलट काही विचारलं तर? नुसतं पाठ केलेलं म्हणून गप्प बसलो तर त्याला वाटेल, म्हातारा नाटक करतोय.’

त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांचं कौतुक करावंसं वाटलं. जीभ चावली आणि म्हटलं, ‘ओटा तरी धड पुसा.’

गाडी बरी चालली होती. ती रुळावरून घसरवली सोसायटीने. गणपतीत चेअरमनला हुक्की आली आणि स्टेजवर जपानकाकांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, ‘आपल्या सर्वांचं प्रेरणास्थान’ वगैरे भाषण. टाळ्या थांबेनात. मी मागच्या रांगेतून पाहत होते, काकांचा चेहरा पडत चालला होता. दुसऱ्या दिवशी कान वाजलाच नाही. दूध घेतलं, सरळ आत गेले. मी आपणहून दोनतीन ठेवणीतली वाक्यं ऐकवली, पण काही परिणाम नाही. ‘कशाला बोलतेस उगाच,’ ते म्हणाले, ‘लोकांच्या मते झालंय माझं शिकून.’ महिनाभर कॅसेट बंद होती. माझा नवरा दुपारचा छान झोपत होता आणि मला मात्र त्या बाईच्या आवाजाशिवाय चैन पडत नव्हतं.

तेवढ्यात मंजूचा फोन आला. दिवाळीत येतोय, दोघंही.

काका हादरले. पुस्तक उघडून बघतात तर अर्धं विसरलेलं. माझ्या एकटीच्या तोंडाने आता भागणार नव्हतं, म्हणून मी खालच्या किराणा दुकानदाराला, पाटलांना गाठलं. इथल्याच गावातला माणूस, आडदांड, आवाज असा की समोरच्या बिल्डिंगला ऐकू जावा. म्हटलं, काका साबण घ्यायला आले की जरा झोडा त्यांना. पाटलांनी खूप तयारी केली. काका समोर उभे राहिले, त्यांनी कान वाजवला आणि पाटील विरघळले. ‘काय बोलू काका तुमाला? तुमी तं लय हुशार हाव. आमच्या गावान असा मानूस नाय.’ काका साबण न घेताच वर आले. मी खिडकीतून पाटलांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्यात काकांच्या जपानीचाही उद्धार होता, ते सगळं समोरच्या घरात काकांच्या कानी पडत होतं, आणि थोड्या वेळाने समोरून कॅसेट सुरू झाली. त्यानंतर दिवाळीपर्यंत मी सकाळ-दुपार-संध्याकाळ बोलत होते. माझा घसा बसला.

ते दोघं आले तेव्हा मी भाकरतुकडा घेऊन दारात उभी होते. मंजू पुढे. जावई मागे, घामाने निथळत, हातात भलंमोठं खोकं आणि पायात नुसते मोजे. बूट त्याने सभ्यपणे दुसऱ्या मजल्यावरच काढून ठेवले होते, कुणाच्या तरी दारात. काका इस्त्रीचा बुशशर्ट घालून उंबऱ्यावर. त्यांनी तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. जावई खाली मान घालून उभा. मंजू हळूच म्हणाली, ‘बाबा, राहू दे. मला सांगा, मी सांगते त्याला.’

काकांनी मान हलवली. माझ्याकडे पाहिलं आणि कानाच्या पाळीवर बोट टेकवलं.

पाहुण्यांसमोर, सणाच्या दिवशी, हातात भाकरतुकडा घेऊन मी म्हटलं, ‘नाही जमायचं काका तुम्हाला. व्हा बाजूला, मंजूला बोलू द्या.’

मंजूने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी अजून विसरले नाही. पण काका वळले, घसा खाकरला आणि बोलले. मला त्यातला शब्द कळत नव्हता, तरी वाक्य ओळखीचं होतं, भिंतीतून कितीदा ऐकलेलं. ते संपल्यावर थांबले नाहीत, पुढेही बोलले. जावयाने खोकं खाली ठेवलं आणि तो कमरेत वाकला. काकाही वाकले. जागा एवढीशी, दोघांची टाळकी आपटली. मग दोघंही चपलांच्या गर्दीत, तुळशीशेजारी खाली बसले. काका रडत होते, तो काहीतरी विचारत होता आणि काका डोळे पुसत त्याला उत्तरं देत होते. मला आनंद झाला, खूप झाला. भाकरतुकडा ओवाळायचा तेवढा राहून गेला.

पुढे मंजूने सांगितलं की बाबांचं जपानी म्हणजे कुणीतरी पाणीकपातीची नोटीस वाचून दाखवतंय असं वाटतं. जावयाला मात्र ते फार आवडायचं. दर रविवारी तो स्वतः फोन करायचा. काका एकदा तिकडे जाऊनही आले आणि महिनाभर बिनदुधाच्या चहाबद्दल कुरकुरत होते. सकाळचा कान वाजायचा काही थांबला नाही. ‘आता कशाला?’ मी विचारलं. म्हणाले, ‘अजून त्याला विनोद सांगता येत नाही मला.’

ते आजारी पडले तेव्हा वाशीच्या हॉस्पिटलात होते. मंजू आणि जावई धावत आले. हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, डॉक्टर म्हणाले, धीर धरला तर उठतील. मी रिक्षात बसल्यापासून एक वाक्य जुळवत होते. एकदा तरी या माणसाला त्याच्या तोंडावर सांगायचं होतं, की काका, तुमच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. आत गेले तर जावई त्यांचा हात धरून बसला होता. काकांच्या तोंडावर मास्क. मला पाहून त्यांनी दुसरा हात उचलला, जड झाला होता तो, आणि बोट कानापर्यंत नेलं.

मी ते जुळवलेलं वाक्य गिळून टाकलं. कौतुक केलं असतं तर त्यांनी पुस्तक मिटलं असतं.

‘नाही जमायचं काका तुम्हाला,’ मी म्हटलं. ‘घरी नाही यायचात तुम्ही.’

मास्कच्या आत ते हसले. मान डोलवली, बरं आहे, बरं आहे म्हटल्यासारखी. इतक्या वर्षांत माझा एकही शब्द त्यांनी खरा होऊ दिला नव्हता. नेमका तेवढाच होऊ दिला.