बाभळीवरची कापशी

जानेवारीतला दुसरा रविवार. काम एवढंच होतं की चाकणजवळच्या एका शेतावरून कांद्याची गोणी आणायची. दरवर्षी त्याच काकांकडून घेते. त्यांच्या निम्म्या जमिनीवर आता गोदामं आहेत. कॅमेरा सोबत घेतला होता, कारण त्यांच्या बांधावरच्या बाभळीवर कापशी बसते. घारीपेक्षा लहान, पांढरी-राखाडी, लाल डोळ्यांची. उंदरांवर जगते.

गोणी स्कूटरवर बांधताना काका म्हणाले, "फोटू काढायचा तर आजच काढा. उद्या जेसीबी येतोय. नव्या शेडचा कोपरा नेमका त्या बाभळीवर येतो."

"वर घरटं आहे, काका."

"काटक्या हायेत. पिल्लं हायेत का?"

मला माहीत नव्हतं.

"पिल्लं दाखवा, तेवढा कोपरा महिनाभर सोडतो. रिकाम्या काटक्यांपायी गोदामवाल्याची बोलणी कोण खाणार?"

अट वाजवी होती. मी बांधाच्या अलीकडे, पाइपांच्या ढिगाशेजारी बसले. कापशी समोरच्या विजेच्या तारेवर होती, पंजात उंदीर. तासभर तशीच. मी हलले नाही, खोकले नाही, तरी ती घरट्याकडे जाईना. शेवटी काका चहा घेऊन आले आणि हसायलाच लागले.

"बाई, हायवेवरनं दिसताय की! त्या जाकिटाला भ्यालीय ती."

थंडी म्हणून कंपनीचं जाकीट चढवलं होतं, पोपटी, चमकत्या पट्ट्यांचं. कारखान्याच्या शॉपफ्लोअरवर त्याच्याशिवाय मी कुणाला आत सोडत नाही. फोर्कलिफ्टवाल्याला माणूस लांबून दिसावा म्हणून ते असतं. इतकं अंगवळणी पडलंय की ते अंगावर आहे हेच विसरले. काढून पाइपात कोंबलं. काकांनी आपली घोंगडी दिली. तिला शेळ्यांचा वास येत होता, चालवून घेतला.

दहा मिनिटांत कापशी खाली आली. घरट्याच्या काठावर टेकली आणि काटक्यांमधून दोन डोकी वर आली. तिसरं जरा उशिरा. मी बटण दाबून धरलं. पहिले फोटो हलले, पुढचे सहा-सात बरे आले.

काकांनी कॅमेऱ्याची स्क्रीन डोळ्यांजवळ नेली. "तीन हायेत व्हय!" आणि तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. "बांधाकडचा कोपरा महिनाभर राहू दे, राव... न्हाई, भांडण न्हाई कुणाशी. पिल्लं हायेत... अरे, पिल्लं! पाखराची!"

फोन ठेवून मला म्हणाले, "ह्याला सांगितलं. पन मशीनवरचा गडी रोज नवा. त्यो कुणाचं ऐकत न्हाई, फक्की बघतो. फक्कीच्या आत येईल ते उकरतो."

शेडची आखणी आधीच झाली होती. चुन्याच्या फक्कीची पांढरी रेघ बाभळीच्या पलीकडून गेली होती, म्हणजे झाड आतच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर जायची कंपनीची बस जाऊ दिली आणि उजाडताना स्कूटरवरून शेतावर पोचले. मशीन यायच्या आत काकांनी जुनी रेघ फावड्याने मोडली. मग त्यांनी दोरी धरली आणि मी बाभळीच्या दहा पावलं अलीकडून नवी फक्की टाकत गेले. एका ठिकाणी रेघ वाकडी झाली. ती पुसली आणि परत मारली.